उजव्या हाताचं पान

केमारी बंदर, कराची
९ जानेवारी १९३८

आणि तू पुन्हा कागद पाठवलास. मागचा मी कोराच परत केला, त्याच्या आधीच्याला तर उत्तरही दिलं नाही, तरी तुझं आपलं चालूच. या खेपेला कागदाबरोबर डबीत कुंकूही घातलंस. वर शिकवणी, की वना, तेलात कालव, उजव्या हाताला सारखं फास, बोटं फाकव, एकदाच दाब आणि सरळ वर उचल, नाहीतर फिसकटेल. अक्का, मी काय बिगरीत बसलोय? डबी वाटेतच फुटली. पोस्टमनने ते लाल झालेलं पाकीट चिमटीत धरून आणलं आणि सगळ्या चाळीसमोर मला विचारलं, कोणाचा खून केलास?

प्रमिलाचं लग्न ठरलं, चांगलं झालं. धाकटी बहीण आहे, मला आनंद होतो, तो तुला पत्रात दिसला नाही तर माझा इलाज नाही. पण पोरीला सासरी जाताना भांडी लागतात, लुगडी लागतात. घरातल्या माणसांचे हात आणि चिंध्या चिकटवलेलं पुस्तक घेऊन ती धुळ्याला काय करणार? तू त्याला आल्बम म्हण, मी चिकटवहीच म्हणणार. हे सगळं दाजींच्या फोटोच्या दुकानातलं खूळ. माणसांना खुर्चीत बसवून बसवून त्यांना वाटायला लागलंय की माणूस पुठ्ठ्यावर मावतो.

दुसरं, लग्न आखाजीनंतर, वैशाखात आहे असं लिहिलंस. मला रजा मिळायची नाही. जहाजं लग्नाच्या तिथी बघून येत नाहीत. मायला तू सांग, तुला सांगता येतं चांगलं.

दाजींना नमस्कार लिहीत नाही. ते घेणार नाहीत आणि माझा फुकट जाईल.

वना

·

जळगाव
२१ जानेवारी १९३८

वना,

तुझं पत्र मला अर्धंच लागलं. उंदीर दौतीत पडला आणि कागदावरून पळत गेला असं अक्षर. तिसरीपर्यंत शिकलास, मास्तरांचा मार खाल्लास, त्यातून एक अक्षरच काय ते सरळ झालं होतं, तेही कराचीला जाऊन विकलंस काय?

चिकटवही म्हण, काहीही म्हण. मी सासरी आले तेव्हा मला कोणी असलं काही दिलं नव्हतं. पहिलं वर्षभर माहेरी पाठवलंच नाही सासूने. मग एक दिवस पाणी भरताना मला मायचा चेहरा आठवेना. नथ आठवली, कपाळावरचं गोंदण आठवलं, चेहरा नाही. मी घागर तिथंच ठेवून रडत बसले, आणि घागर कोणीतरी पळवली म्हणून रात्री बोलणी खाल्ली ती वेगळीच. तुला हे ठाऊक नाही, कारण तू तेव्हा गावात गोट्या खेळत होतास. प्रमिलाचं तसं होऊ नये एवढंच माझं खूळ. दाजींचा यात काही हात नाही, त्यांनी फक्त दुकानातला उरलेला काळा पुठ्ठा आणून दिला. खळ मी घरी शिजवते, कसर लागू नये म्हणून मोरचूद घालून.

ऐक काय काय झालंय ते. मायच्या लुगड्याचा काठ. पारोळ्याच्या किल्ल्यापाशी असलेल्या आपल्या घराचा दाजींनी काढलेला फोटो, त्यात दारातली शेळी हलली म्हणून तिला दोन तोंडं आली आहेत. मायचा हात, माझा हात, माझ्या पोरांचे हात. आबा गेले, त्यांचा हात कुठून आणायचा? सोसायटीच्या जुन्या पावतीवर त्यांचा अंगठा होता, तो गोल कापून मधोमध लावला. एवढ्या मोठ्या पानावर तेवढाच. त्याच्या समोरचं पान तुझं आहे. आल्बम उघडला की एकीकडे बापाचा अंगठा आणि दुसरीकडे काळं कोरं. प्रमिला लग्नापर्यंत माझ्याकडेच आहे, ती रोज उघडते आणि त्या कोऱ्या पानावर हात फिरवून बंद करते. मला तिचं ते हात फिरवणंच लागतं.

आणि रजा मिळायची नाही म्हणजे काय? नवऱ्याचा कान कोण पिळणार? सख्खा भाऊ तू एकटा. अंतरपाट दूर झाला की भावाने उठायचं, कान पिळायचा, मानाचं पागोटं घ्यायचं. तुझ्या जहाजवाल्यांना आया-बहिणी नाहीत काय?

तू का टाळतोस ते मला कळतं. दाजींनी तुला दुकानात काचा धुवायला लावलं, तू मोहनलालशेठच्या लेकीच्या लग्नाच्या फोटोंच्या सगळ्या काचेच्या प्लेटा फोडल्यास आणि रातोरात पळालास. त्या पोरीकडे स्वतःच्या लग्नाचा एक फोटो नाही. दुकानाच्या मालकाने दाजींच्या पगारातून पैसे कापले. ते तोंडाने काही म्हणत नाहीत, पण तुला त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटते, हे खरं कारण. लाज वाटते तर वाटू दे. माणसं लाज वाटूनही येतात.

कागद पुन्हा पाठवते आहे. कुंकू नाही पाठवत. तिथं मिळत असेल.

यशोदा

·

केमारी, कराची
१८ फेब्रुवारी १९३८

घे तुझा पंजा. कुंकू नाही मिळालं, क्रेनचं काळं वंगण मिळालं. माझा हात आहे, माझ्या कामाचा रंग आहे. आता कागद पाठवणं बंद कर. चाळीतल्या ज्याने मला कागदावर हात दाबताना बघितलं त्याला वाटलं मी कुठलं गहाणखत करतोय.

सोबत आणखी काही घातलंय, चिकटवायची एवढी हौस आहे तर चिकटव. ट्रामचं तिकीट. खजुराच्या पेटीवरचं लेबल, त्यावर उंट आहे. इकडे उंट गाड्या ओढतात, हे प्रमिलाला खोटं वाटेल, म्हणून पुरावा. मासळीचं एक खवलं आहे, नखाएवढं, वास जाईपर्यंत वाळवलंय. माय शाकाहारी आहे, तिला अभ्रक म्हणून सांग.

काचांचं काढलंस, बरं केलंस. तीन वर्षं झाली, तुझ्या प्रत्येक पत्रात त्या काचा असतात, तरी मी म्हणत होतो या खेपेला अजून कशा आल्या नाहीत. पेटी ओली होती, हातातून सुटली. दाजी काही म्हणत नाहीत म्हणे. त्या संध्याकाळीही काही म्हणाले नाहीत. नुसते खाली बसून तुकडे वेचायला लागले, आणि एकेक तुकडा उजेडाकडे धरून बघायला लागले, कुठे नवरीचं तोंड शाबूत राहिलंय का. चार शिव्या घातल्या असत्या तर मी राहिलो असतो.

मला आता बसून काम मिळालंय. गेटवर खुर्ची आहे. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे बघायचं आणि मान डोलवायची. मायला सांग, पोराला खुर्ची मिळाली. खरं सांगायचं तर बूड दुखतं. इथून बसऱ्याला बोटी जातात, तिकडे माणसं पाहिजेत म्हणतात. बघतो.

लग्नाचं मागेच लिहिलंय. पुन्हा विचारू नकोस.

वना

·

जळगाव
१ मार्च १९३८

वना,

तू डावा हात पाठवलास.

तुला वाटलं मला कळणार नाही. अंगठा कुठल्या बाजूला आला ते बघायला फार शिकावं लागत नाही. नवरीच्या आल्बममध्ये, कुंकवाच्या लाल हातांच्या रांगेत, डाव्या हाताचा काळा थापा. असं शत्रूही करत नाही. मी तो लपवणार होते, पण माय तेव्हा पारोळ्याहून माझ्याकडे आलेली होती आणि पाकीट तिनेच फोडलं. तिने कागद बघितला, पदराने झाकला आणि देवापुढे जाऊन बसली. प्रमिलाने विचारलं तर म्हणाली, तुझ्या भावाला आपला राग आलाय, त्याला न विचारता सोयरीक केली म्हणून. मी म्हटलं, राग आला असेल तर तोंडाने बोलावं, पोरीच्या शुभकार्याला काळं फासू नये.

खजुराचं लेबल लावलं. खवलं लावलं. डावा हात चुलीत घातला.

तुला खुर्ची मिळाली म्हणून तुझा उजवा हात इतका मोठा झाला का, की बहिणीसाठी तो खाली येत नाही? बस तुझ्या खुर्चीवर. जा बसऱ्याला. त्याच्याही पुढे काही असेल तर तिकडे जा. तू कुठेच टिकला नाहीस. दाजींच्या दुकानात नाही, भुसावळच्या लोको शेडमध्ये नाही, अहमदाबादेत नाही. तुझ्यावाचून आमचं अडलेलं नाही.

कान पिळायला उखर्डू उभा राहणार आहे. काकांनी स्वतः येऊन सांगितलं. चुलत का होईना, भाऊ आहे, गावात आहे आणि त्याचा उजवा हात उजवा आहे. त्याच्या डोक्याचं माप पागोट्यासाठी गेलंसुद्धा. फोटोत तोच राहील नवरीच्या मागे. आल्बममधलं पान मी कोरं ठेवणार नाही, त्यावरही त्याचाच हात घेईन. तो तयार आहे. त्याला तर एकदा सांगावंही लागलं नाही.

याला उत्तर आलं नाही तरी चालेल.

यशोदा

·

केमारी, कराची
२७ मार्च १९३८

उखर्डू.

आबांना स्मशानात नेताना जो तंबाखू आणायला म्हणून मागे राहिला तो. प्रमिला लहान असताना तिची आखाजीची बांगडी हिसकावून ज्याने विहिरीत टाकली तो. तो माझ्या आबांच्या समोरच्या पानावर हात लावणार आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा कान पिळणार. वा अक्का. शोधून काढलास.

तर घे. सोबतच्या कागदावर उजवा हात आहे. कुंकू इथे एका रत्नागिरीच्या बाईकडून मागून आणलं, तेलात कालवलं, एकदाच दाबला आणि सरळ वर उचलला, तू सांगितलंस तसा. फिसकटलेला नाही. तो एवढाच आहे. तळवा, अंगठा आणि पहिलं बोट. बाकीची तीन दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून नाहीत. लोखंडाची पेटी उतरत होती, मी साखळी धरली होती, वर क्रेनवर बसलेल्याने माझं ‘साखळी ढिली सोडा’ ऐकलं नाही. संपलं. जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही. दवाखान्यात एक महिना होतो, तेव्हा तुझा पहिला कागद आला होता. बोटं फाकव, म्हणे.

म्हणून अक्षर असं आहे. डाव्या हाताने लिहितो. म्हणून खुर्ची. कंपनी म्हणाली, क्रेनवर तू आता काय कामाचा, गेटवर बस. आता झालं समाधान? पुढच्या पत्रात यालाही उंदीर म्हण.

आणि लग्नाला का येत नाही तेही लिहून टाकतो, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या काचांवर ढकलायला नको. धुळ्याचे लोक मांडवात काय बघतील? भाऊ उठला, हात पुढे केला आणि सगळा मांडव त्या हाताकडे बघत बसला. मग घरी जाऊन प्रमिलाची सासू म्हणेल, थोट्याची बहीण केली. भाकरी करपली तरी म्हणेल, दूध नासलं तरी म्हणेल. तुला सासूने एका घागरीवरून किती ऐकवलं, तूच लिहिलंस. मी तिच्या आयुष्यात तेवढं एक निमित्त कमी करतोय.

कागद तू बघ आणि जाळ. डावा जाळलास तसाच. मायला दाखवलास तर माझं-तुझं नातं संपलं, हे मी रागात लिहीत नाही.

उखर्डूला करू दे. पण पानावर त्याचा हात घेऊ नकोस. ते कोरं राहू दे.

वना

·

जळगाव
८ एप्रिल १९३८

वना,

गाढवा. कान पिळायला दोनच बोटं लागतात.

मी हे पत्र चौथ्यांदा लिहायला बसले आहे. आधीच्या तिन्हींत मी रडले होते आणि शाई पसरली, आणि तुझ्यासाठी रडलेलं तुला दिसावं अशी माझी इच्छा नाही. सहा महिने. दवाखान्यात एक महिना पडून राहिलास, एक कार्ड टाकता आलं नाही? बाजूच्याकडून लिहून घेता आलं नाही? मी इथे तुला काय काय बोलले, ते तू मला बोलू दिलंस. ते मी तुला माफ करणार नाही. तू मेल्यावरही मला नंतरच कळवशील, अशीच तुझी जात.

मायला मी दाखवणार नव्हते. तुझा धाक होता म्हणून नाही, तिला सोसणार नाही म्हणून. पण आता पाकिटं तीच फोडते, तुझा डावा हात आल्यापासून. तिने कागद हातात घेतला. मी म्हटलं, माय, छाप नीट उमटला नाही, कुंकू कमी पडलं असेल. तिने ऐकलंच नाही. कागद जमिनीवर ठेवला, त्यावर स्वतःचा हात ठेवला, आपली तीन बोटं दुमडून घेतली आणि म्हणाली, हाऊ मना वनानाच हात शे. मग दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून भाकरी थापल्या आणि थापताना तुला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहू शकत नाही. मला जरा बरं वाटलं.

दाजी म्हणाले, रिटचिंगच्या ब्रशने तीन बोटं भरून देतो, कोणाला कळणार नाही. त्यांचं ते रोजचं काम, ते तुझ्यासाठी करतो म्हणाले, हे लक्षात ठेव. प्रमिलाने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. मी सगळे हात पुठ्ठ्याला कोपऱ्यांशी चिरा पाडून त्यांत अडकवलेत, काढता-घालता येतील असे. तिने तुझ्या कागदाला मागून सगळीकडे खळ फासली, आबांच्या समोर ठेवला आणि त्यावर पाटा ठेवून रात्रभर दाबला. आता ते पान काढायचं तर आल्बम फाडावा लागेल.

आता धुळ्याचं. तू घरी बसून त्यांच्या तोंडात शब्द घालत होतास, मी जाऊन ऐकून आले. मोटारीने गेले, आल्बम घेऊन. आधी दाखवायचा नसतो मला ठाऊक आहे, पण नंतर कुजबुज होण्यापेक्षा समोर होऊ दे. सासू पान बघून म्हणाली, हे काय झालं, आम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आम्हालाच परवा कळलं, आमचा भाऊ तुमच्यापेक्षा आम्हाला कमी सांगतो. तिने तोंड वाकडं केलं. करू दे, मी तिला गोड आहे असं लिहिणार नाही. मुलगा, अभिमन, कापसाच्या जिनात वजनकाट्यावर आहे तो, तिथंच बसला होता. त्याने पान जवळ घेतलं, बराच वेळ बघितलं आणि आपला कान चोळला. म्हणाला, अक्का, जी दोन राहिलीत ती लोखंड धरणाऱ्याची आहेत. तुमचा तो चुलत भाऊ नाही का चालणार? सासरा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. सासू नाही हसली.

उखर्डूला मी अजून काही सांगितलेलं नाही. पागोटं बांधून आलंय, काल तो ते घालून पारोळ्याच्या बाजारात हिंडत होता. कोणी विचारलं तर सांगतो, भाऊ पळाला, मला उभं राहावं लागतंय. तुला येण्यासाठी तेवढं कारण पुरत नसेल तर माझ्याकडे दुसरं नाही.

बसऱ्याची बोट चुकवलीस तर आणखी येतील. ही एकच बहीण लग्नाची राहिली आहे.

यशोदा

·

केमारी, कराची
१९ एप्रिल १९३८

मायला दाखवू नकोस असं स्वच्छ लिहिलं होतं. अर्थात तू दाखवलंसच. आणि वर धुळ्याला मिरवून आणलास. माझा हात म्हणजे काय जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू आहे? नातं संपलं असं लिहिलं होतं, ते रागात नव्हतं. पण संपवायलाही समोर यावं लागतं, म्हणून येतो.

रजा मागितली, देत नाहीत. म्हणून खुर्ची सोडली. तू म्हणशील इथेही टिकला नाही. म्हण. आखाजीच्या आधी भुसावळला उतरेन, तिथून पुढे माझा मी येईन. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, मायला तर नाहीच. ती फलाटावर हात धरून बसेल आणि माझी गाडी चुकेल.

उखर्डूला काही सांगू नकोस. पागोटं त्याच्याच डोक्यावर राहू दे, मांडवात बसेपर्यंत. मी मागून येऊन उतरवीन. त्याला दोनपेक्षा कमी बोटं लागतात. अभिमनरावांना सांग, कानाला तेल लावून ठेवा. रोज संध्याकाळी चाळीत बसून गोणीची सुतळी पिळत असतो. डॉक्टरने सांगितलं होतं, राहिलेली बोटं चालती ठेव. तेव्हा ऐकलं नव्हतं, तुझं पत्र आल्यापासून चालवतोय.

सासूबाईंसमोर मी हात खिशात घालणार नाही. मग त्या काय म्हणतील ते म्हणू दे, आणि तू मध्ये बोलू नकोस. तू बोललीस की दोन शब्दांचे वीस होतात.

फोटो दाजींनीच काढावा. प्लेटा मी उचलणार नाही. त्यांच्या पगारातून काचांचे जे कापले होते ते आधी त्यांच्या हातात दे, म्हणजे तुझ्या पत्रांना दुसरा विषय सुचेल. उरतील त्यात जळगावच्या सराफाकडून प्रमिलासाठी हातातलंच काहीतरी घे, जाड, वर्षभरात वाकणार नाही असं. तिला सांग, चिकटवहीत चिकटवायचं नाही, घालायचं. घासाघीस तू कर, मला ती येत नाही. इथेही केली नाही, कंपनीच्या बाबूने टेबलावर ठेवले ते तसेच उचलले.

भाड्याचे वेगळे ठेवलेत, त्याची काळजी नको. मनीऑर्डर आज सकाळी केली. तिन्ही बोटांचे जेवढे आले तेवढे सगळे आहेत, मोजून घे आणि पोच पाठवू नकोस, मी तोवर निघालेला असेन. रुपये एकशे पाच.